मालक सरकार, देखरेखही सरकारची: भोपाळच्या विषारी जमिनीचे प्रकरण

१ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळच्या बंद पडलेल्या युनियन कार्बाइड कारखान्यातून बारा सीलबंद कंटेनर निघाले. पुढे-मागे पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन दलाच्या गाड्या, आणि रस्ता मोकळा ठेवलेला. सुमारे २५० किलोमीटरचा प्रवास करून २ जानेवारीच्या पहाटे हा ताफा धार जिल्ह्यातल्या पिथमपूर औद्योगिक वसाहतीत पोहोचला. कंटेनरमध्ये ३३७ टन घातक कचरा होता. तो भरण्यासाठी शंभरेक कामगार अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्यांनी, अंगभर संरक्षक पोशाख चढवून राबले होते. वायुगळतीला चाळीस वर्षे आणि एक महिना झाला होता.

दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत भोपाळची एकदाची सुटका झाल्याचा सूर होता. काम मोठे होते, यात शंका नाही. पण याच कारखान्याबद्दल एक दुसरा आकडा सरकारच्याच दप्तरात २०१० पासून पडून आहे. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आपली ‘नीरी’, आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी मिळून केलेल्या तपासणीत कारखान्याच्या आवारातली आणि लगतची सुमारे ११ लाख टन माती दूषित असल्याचे नोंदवले होते. ३३७ टन म्हणजे त्याच्या एक टक्क्याचाही भाग नाही. टक्क्याचे तीन शतांश. पंधरा-वीस वर्षे न्यायालये, मंत्रिगट, तीन राज्यांची सरकारे आणि एक परदेशी संस्था ज्यावर झगडत राहिल्या तो हा टक्क्याच्या तीन शतांशांएवढा भाग.

असे का झाले, हा या प्रकरणाचा खरा प्रश्न आहे. भोपाळच्या रात्रीबद्दल, नुकसानभरपाईबद्दल, खटल्यांबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. जमिनीबद्दल फार कमी. आणि ही जमीन १९९८ पासून सरकारची आहे.

जमीन हातोहात कशी फिरली

कारखान्याची जागा मुळातच मध्य प्रदेश सरकारची. ती युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड या कंपनीला भाडेपट्ट्याने दिलेली होती. १९६९ मध्ये तिथे कीटकनाशकांचे मिश्रण आणि पॅकिंग सुरू झाले. पुढे ‘सेव्हिन’ या नावाने विकले जाणारे कार्बारिल हे कीटकनाशक तिथेच तयार होऊ लागले आणि १९८० पासून त्यासाठी लागणारे मिथिल आयसोसायनेटही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीतून याच रसायनाचा सुमारे चाळीस टन वायू बाहेर पडला. त्यानंतर उत्पादन कायमचे थांबले.

१९८५ मध्ये केंद्राने खास कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा लढवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या मूळ कंपनीने भारतीय कंपनीतले आपले समभाग विकले. नव्या मालकांनी नाव बदलले आणि ती कंपनी एव्हरेडी इंडस्ट्रीज झाली. १९९८ मध्ये एव्हरेडीने भाडेपट्टा सोडला आणि राज्य सरकारने जागेचा ताबा घेतला. अमेरिकेतली युनियन कार्बाइड २००१ मध्ये डाऊ केमिकलकडे गेली.

१९९८ चा हा ताबा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा व्यवहार आहे, असे मला वाटते. आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. साधे घर भाडेकरूकडून परत घेतानाही माणूस नळ, वायरिंग, भिंतीची ओल पाहतो. इथे आवारात कचऱ्याचे खड्डे होते, गोदामांत पोती आणि पिंपे होती, उत्तरेकडे सुमारे १४ हेक्टरवर सांडपाणी वाळवण्याची तळी होती. या तळ्यांना गळती असल्याचे कंपनीच्या लोकांना १९८२ मध्येच ठाऊक होते. हे सर्व असताना जमीन परत आली, आणि तिच्यासोबत तिच्यातले विषही सरकारकडे आले. तेव्हापासून मध्य प्रदेश सरकार या जागेचे मालक आहे. कचरा हाताळण्याचे काम राज्याच्या गॅस पीडित मदत व पुनर्वसन विभागाकडे. कचऱ्यावर नजर ठेवणारे मंडळ राज्याचे. पैसे केंद्राचे. तपासणी करणाऱ्या संस्था केंद्राच्या. नुकसान सोसणाऱ्यांचे न्यायालयातले प्रतिनिधित्वही कायद्याने केंद्राकडेच.

अमेरिकेतल्या न्यायालयात या मालकीने वेगळेच वळण घेतले. भोपाळच्या रहिवाशांनी तिथे दावा लावून कारखान्याची जागा युनियन कार्बाइडकडून स्वच्छ करून घेण्याची मागणी केली. २००४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने म्हटले की जागा परक्या देशातल्या सरकारच्या ताब्यात आहे, तिथे साफसफाईचा आदेश देऊन त्यावर लक्ष ठेवणे व्यवहार्य नाही. मात्र भारत सरकार स्वतः तशी इच्छा कळवत असेल तर विचार होऊ शकतो. भोपाळच्या संघटनांनी दिल्लीत आंदोलन केले आणि जून २००४ च्या अखेरीस केंद्राने ना-हरकत कळवली. तरी पुढे तो आदेश मिळाला नाही. मालकी सरकारची होती म्हणून प्रदूषण करणाऱ्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता अरुंद झाला, आणि तीच मालकी असूनही सरकारने स्वतः फावडे उचलले नाही.

मातीत आणि पाण्यात काय आहे

कारखान्यात फक्त सेव्हिन बनत नव्हते. टेमिक नावाने अल्डिकार्ब हे दुसरे कीटकनाशक बनत होते. सेव्हिन आणि एचसीएच हे क्लोरीनयुक्त कीटकनाशक यांचे मिश्रणही तयार होई. म्हणूनच आसपासच्या मातीत आणि पाण्यात एचसीएचची वेगवेगळी रूपे सापडतात, आणि हे रसायन दशकानुदशके विरत नाही. क्लोरीनयुक्त द्रावके होती, नॅप्थॉल होते, पारा होता. १९६९ ते १९८४ या काळात तयार झालेला कचरा आवारातच ठिकठिकाणी टाकला किंवा पुरला गेला.

तपासण्या थोड्या झाल्या नाहीत. नीरीने १९९० च्या दशकात पाहणी केली आणि तेव्हा भूजलाबाबत चिंतेचे कारण नसल्याचा निष्कर्ष काढला. १९९९ मध्ये ग्रीनपीसच्या नमुन्यांत कारखान्याच्या जमिनीत पारा आणि लगतच्या विहिरी-हातपंपांच्या पाण्यात क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोबेन्झीन अशी द्रव्ये आढळली. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २००९ मध्ये माती-पाणी तपासले, पुढे २०१३ मध्ये तज्ज्ञांना एकत्र बसवून कृती आराखडाही मांडला. लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेने सर्वोच्च न्यायालयासाठी भूजल तपासले. आधी २२ वस्त्यांचे पाणी बाधित मानले गेले. २०१८ पर्यंत ही संख्या ४२ वर गेली होती.

२२ चे ४२ झाले, हे नीट वाचायला हवे. कारखाना १९८४ पासून बंद आहे. नवे काही टाकले जात नाही. तरी बाधित वस्त्या वाढतात, कारण पाऊस दरवर्षी पडतो, माती दरवर्षी भिजते आणि पाण्यात उतरलेली द्रव्ये जमिनीखालच्या उताराने पुढे सरकत राहतात. अटल अयूब नगर, अन्नू नगर, आरिफ नगर, ब्लू मून कॉलनी या वस्त्यांमधली माणसे वर्षानुवर्षे हातपंपाचे पाणी प्यायली. काही पंप लाल रंगवून त्यावर पाणी पिण्यायोग्य नसल्याचे लिहिले गेले. पण पंप लाल केला तरी घरात दुसरे पाणी नव्हते. मे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वस्त्यांना स्वच्छ पाणी देण्याचा आदेश दिला. नळ टप्प्याटप्प्याने आले, त्यालाही अनेक वर्षे गेली. मग वस्त्या वाढल्या, आणि वाढत्या यादीमागे नळ पुन्हा धावू लागले.

नळाचे पाणी देणे आवश्यकच होते. पण त्याने उगम बंद होत नाही. दूषित मातीचा पाण्याशी संबंध तोडणे, म्हणजे ती उपसून उपचार करणे किंवा चहूबाजूंनी भिंत घालून आणि वर आच्छादन टाकून तिला कोंडून ठेवणे, दूषित भूजल उपसून शुद्ध करणे, हे काम वेगळे. ते अजून सुरूच झालेले नाही.

गोदामाकडे वळलेली नजर

२००४ मध्ये आलोक प्रताप सिंह यांनी जबलपूरच्या उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. तिच्यातून या प्रकरणाला पहिल्यांदा सातत्याची देखरेख मिळाली. न्यायालयाने कृती दल नेमायला लावले. २००५ मध्ये आवारात उघड्यावर आणि मोडक्या शेडमध्ये पडलेला कचरा गोळा करून एका गोदामात ठेवण्यात आला. सुमारे ३५० टन जाळण्याजोगा कचरा आणि ४० टनांच्या आसपास चुन्याचा गाळ. गोळा करणाऱ्या कामगारांच्या सुरक्षेवरून पीडितांच्या संघटनांनी तेव्हा आक्षेप घेतले होते.

हे काम योग्य होते. पावसात भिजणारी पोती छपराखाली आली. पण त्याच क्षणापासून ‘भोपाळचा विषारी कचरा’ म्हणजे या गोदामातला कचरा, असे समीकरण रूढ झाले. त्याला वजन होते, यादी होती, कुलूप होते. तो ट्रकमध्ये भरता येत होता. न्यायालय विचारू शकत होते: किती टन, कुठे नेणार, कधी नेणार? अधिकारी प्रतिज्ञापत्रावर उत्तर देऊ शकत होते. जमिनीखालच्या मातीबद्दल इतका सोपा प्रश्न विचारताच येत नाही. तिच्याबद्दल आधी किती खोलीपर्यंत खणायचे, कुठल्या पातळीपर्यंत स्वच्छ करायचे, त्या जागेचा पुढे काय वापर होणार, हे ठरवावे लागते. तो निर्णय मालकाचा. आणि मालकाला तो घ्यायला भाग पाडणारे कोणी नव्हते.

२००५ मध्येच केंद्राच्या रसायने खात्याने उच्च न्यायालयात अर्ज करून डाऊ आणि इतरांनी साफसफाईसाठी आगाऊ १०० कोटी रुपये भरावेत अशी मागणी केली. तो पैसा आलाच नाही. मधल्या काळात ‘आधी कोणाचे पैसे’ हा वाद एवढा लांबला की काम सुरू न करण्यासाठी तोच पुरेसा आधार झाला. प्रदूषण करणाऱ्याने पैसे द्यावेत हे तत्त्व मला मान्य आहे, त्याचा आग्रह सोडू नये असेच मी म्हणेन. पण त्या वसुलीची वाट पाहताना विहिरींमध्ये विष उतरत राहू देणे हे त्या तत्त्वात कुठेही बसत नाही. आधी साफ करून नंतर वसूल करता येते, आणि जगभर तसे केले जाते.

मग जाळायचे कुठे, हा शोध सुरू झाला. गुजरातमधल्या अंकलेश्वरच्या भट्टीचे नाव आधी आले. गुजरात सरकारने आधी दिलेली संमती २००७ मध्ये मागे घेतली. २००८ मध्ये चुन्याचा गाळ रात्रीच्या वेळी, गाजावाजा न करता पिथमपूरला नेऊन पुरण्यात आला. तिथल्या लोकांना हे नंतर कळले. २०२५ च्या जानेवारीत पिथमपूरकरांचा सरकारवर विश्वास का बसला नाही, याचे एक कारण २००८ च्या त्या रात्रीत आहे.

जून २०१० मध्ये भोपाळच्या न्यायालयाने कंपनीच्या सात अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षांची शिक्षा सुनावली. देशभर संताप उसळला. मंत्रिगटाची पुनर्रचना झाली आणि पर्यावरण मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली साफसफाईसाठी देखरेख समितीही नेमली गेली. म्हणजे कागदावर आता सर्व काही होते: मंत्रिगट, समिती, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ, राज्याचे मंडळ. याच वर्षी नीरीचा ११ लाख टनांचा अहवालही आला. माझ्या मते इथे सर्वांत मोठी संधी वाया गेली. समितीच्या हातात अहवाल होता, लोकांचे लक्ष होते. तरी चर्चा पुन्हा गोदामातल्या साडेतीनशे टनांवरच येऊन थांबली.

नागपूर, हॅम्बुर्ग आणि नकाराची साखळी

२०११ च्या जुलैमध्ये जबलपूरच्या न्यायालयाने हा कचरा नागपूरजवळच्या, संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या भट्टीत जाळण्याचा आदेश दिला. विदर्भात विरोध झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर याचिका आल्या, राज्य सरकार आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनीही हरकत घेतली. योजना बारगळली.

तेव्हाच्या आपल्याकडच्या चर्चेत ‘भोपाळची घाण आमच्या माथी का’ हा प्रश्न जोरात होता. भट्टीची क्षमता, चिमणीतून निघणाऱ्या डायऑक्सिनची, म्हणजे जाळताना तयार होणाऱ्या विषारी संयुगांची मोजणी, लगतची वस्ती, हे मुद्दे रास्त होते आणि ते विचारणे नागपूरकरांचा हक्क होता. पण एक गोष्ट मनाला लागते. या जमिनीची सर्वांत सविस्तर तपासणी करणारी संस्था नागपुरातच होती, तिचा ताजा अहवाल उपलब्ध होता, तरी त्या ११ लाख टनांचे काय, हा प्रश्न नागपुरातून मोठ्याने विचारला गेला नाही. वाद फक्त इथे जाळायचे की नाही, एवढाच राहिला.

पुढचे नाव जर्मनीचे. तिथल्या जीआयझेड या सरकारी सहकार्य संस्थेने हा कचरा विमानाने हॅम्बुर्गला नेऊन नष्ट करण्याची तयारी दाखवली. खर्च सुमारे २५ कोटी रुपये. मंत्रिगटाने २०१२ मध्ये मान्यता दिली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत विल्हेवाट लावा असे सांगितले. सप्टेंबरमध्ये जीआयझेडने माघार घेतली. जर्मनीतही लोकांचा विरोध सुरू झाला होता आणि जबाबदारीच्या अटींवर एकमत होत नव्हते.

उरले पिथमपूर. तिथल्या भट्टीच्या आधीच्या काही चाचण्यांत डायऑक्सिन आणि तशीच विषारी फ्युरान मर्यादेबाहेर गेल्याच्या नोंदी होत्या. भट्टीत सुधारणा झाल्या. कोचीच्या हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्समधला तशाच प्रकारचा दहा टन कचरा आधी जाळून पाहण्यात आला, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये भोपाळचाच दहा टन. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ही चाचणी मर्यादेत असल्याचा निर्वाळा दिला.

त्यानंतर नऊ वर्षे काहीच झाले नाही. चाचणी यशस्वी, जागा ठरलेली, न्यायालयाचा आदेश कायम, आणि गोदामाला कुलूप. नऊ वर्षे. सहा महिन्यांची मुदत देणारा आदेश पाळला गेला नाही म्हणून कोणा अधिकाऱ्याला जबाब द्यावा लागल्याचे दिसत नाही. अखेर केंद्राने १२६ कोटी रुपये दिले. हॅम्बुर्गचा प्रस्ताव २५ कोटींचा होता. रखडण्याची किंमत आकड्यांतही दिसते.

पिथमपूर

३ डिसेंबर २०२४ रोजी, वायुगळतीला चाळीस वर्षे पूर्ण झालेल्या दिवशी, जबलपूरच्या उच्च न्यायालयाने सरकारला धारेवर धरले आणि चार आठवड्यांत जागा मोकळी करायला सांगितले. इतक्या वर्षांत जे हलले नव्हते ते महिन्याभरात हलले. म्हणजे अडचण तंत्राची नव्हती, पैशाचीही उरली नव्हती.

पण ज्या गावात कचरा जाणार होता त्याला या चार आठवड्यांत कोणी काही समजावले नाही. ३ जानेवारी २०२५ ला पिथमपूर बंद झाले. मोर्चे निघाले, दोन जणांनी स्वतःला पेटवून घेतले आणि ते भाजले. भट्टीला लागूनच तारपुरा गाव आहे. इंदूरला पाणी देणाऱ्या यशवंत सागरात दूषित पाणी उतरेल, ही भीती तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनेही न्यायालयात मांडली. इंदूर-धारचा पट्टा मराठी घरांनी भरलेला आहे. या भीतीचे फोन पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनाही गेलेच असतील. ६ जानेवारीला न्यायालयाने सरकारला सहा आठवड्यांची मुदत दिली आणि लोकांना विश्वासात घेण्यास सांगितले. मग पत्रके, सभा, कार्यशाळा झाल्या. हे सर्व डिसेंबरमध्ये, किंवा खरे तर २०१५ मध्येच, व्हायला हवे होते.

जाळण्याच्या टप्प्यावरची देखरेख मात्र चांगली झाली, आणि ते मोकळेपणाने म्हटले पाहिजे. दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या: पहिली २७ फेब्रुवारीला ताशी १३५ किलोने, दुसरी ४ मार्चला १८० किलोने, तिसरी १० मार्चला २७० किलोने. केंद्रीय आणि राज्य मंडळांचे अधिकारी हजर. चिमणीतल्या वायूंचे आकडे न्यायालयापुढे ठेवले गेले. मर्यादा ओलांडलेली नाही, असे मंडळांनी सांगितल्यावर उरलेल्या ३०७ टनांसाठी ७२ दिवसांची मुदत मिळाली. ५ मे रोजी काम सुरू झाले आणि २९ जूनच्या मध्यरात्रीनंतर संपले. कचरा नेमका काय होता तेही जाहीर झाले: १६२ टन कारखान्याच्या आवारातली माती, ९२ टन सेव्हिन आणि नॅप्थॉलचे अवशेष, ५४ टन अर्धवट तयार झालेले कीटकनाशक, २९ टन रिअ‍ॅक्टरमधला गाळ.

या यादीत निम्मी माती आहे. ११ लाख टनांपैकी १६२ टन.

जाळताना चुना आणि इतर द्रव्ये मिसळावी लागतात, त्यामुळे राख मूळ कचऱ्यापेक्षा जास्त निघाली: आठशे टनांहून अधिक. पारा जाळून नाहीसा होत नाही, जड धातूही होत नाहीत. ही राख पिथमपूरच्याच आवारात खास भरावभूमी बांधून पुरायची, अशी योजना होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने वस्तीच्या इतक्या जवळ राख पुरण्यास आक्षेप घेऊन पर्यायी जागांचा विचार करायला सांगितले. भोपाळच्या गोदामातला प्रश्न पिथमपूरला आला आणि वजनाने दुपटीहून जास्त झाला.

देखरेख कोणी कोणावर करायची

सरकारी जागेवरच्या विषाची अडचण भारतापुरती नाही. अमेरिकेत सैन्याचे तळ आणि हॅनफर्डसारखी अण्वस्त्र केंद्रे ही सर्वांत दूषित जागांपैकी आहेत, आणि त्या सरकारच्याच आहेत. तिथे दूषित जागांच्या साफसफाईसाठीच्या १९८० च्या सुपरफंड कायद्यात १९८६ मध्ये एक कलम घातले गेले: केंद्र सरकारच्या खात्यांनाही खासगी कंपनीसारखेच नियम लागू. मोठ्या जागांसाठी त्या खात्याला पर्यावरण संरक्षण संस्थेबरोबर लेखी करार करावा लागतो, त्यात टप्पे आणि तारखा येतात. उपाय कोणता यावर एकमत झाले नाही तर अंतिम निर्णय पर्यावरण संस्थेचा. शिवाय संसदेची लेखापरीक्षण यंत्रणा वेळोवेळी हिशेब मागते. एवढे असूनही तिथे काम रखडते, खर्च वाढतो. पण मालक आणि पहारेकरी हे दोन वेगळे हात आहेत, हे निदान कायद्याने मान्य केले आहे.

भोपाळमध्ये तो दुसरा हात नव्हता. राज्याचे प्रदूषण मंडळ राज्याच्याच पुनर्वसन विभागाला नोटीस देईल, मुदत घालेल, दंड करेल, अशी अपेक्षा करणे अवघड होते. खासगी कारखान्यात अशी माती सापडली असती तर मंडळाने वीज तोडली असती. इथे मंडळ मालकाचे सल्लागार झाले. ती रिकामी जागा उच्च न्यायालयाने भरली. पण न्यायालयाकडे भूवैज्ञानिक नसतात, खोदकामाचे वेळापत्रक नसते. त्याच्यापुढे जे आणले जाते तेवढेच ते पाहते. त्याच्यापुढे गोदाम आणले गेले.

सर्वोच्च न्यायालयातही हेच दिसले. डिसेंबर २०१० मध्ये केंद्राने उपचारात्मक याचिका (अंतिम निकालानंतर करता येणारी शेवटची याचिका) करून कंपनीकडून आणखी ७,८४४ कोटी रुपये मागितले होते. त्यात पर्यावरणाच्या हानीचा वाटाही होता. १४ मार्च २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती फेटाळली. तडजोड इतक्या वर्षांनी उघडता येणार नाही, असे सांगताना सरकारने स्वतःच्या जबाबदाऱ्या पार पाडल्या नाहीत याकडेही पीठाने बोट दाखवले. त्या निकालानंतर कंपनीकडून पैसे येतील ही आशा जवळजवळ संपली. साफसफाईचा खर्च सरकारनेच करायचा, हे आता टाळता न येणारे आहे. मग ११ लाख टनांसाठी तरतूद कुठे आहे?

जुलै २०२५ नंतरची परिस्थिती

पिथमपूरची भट्टी थंड झाल्यानंतर काही आठवड्यांतच केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. भारतात जुन्या दूषित जागांसाठी असे स्वतंत्र नियम पहिल्यांदाच आले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांचा दर सहा महिन्यांनी अहवाल द्यायचा, ९० दिवसांत प्राथमिक तपासणी, मग सविस्तर तपासणी, दूषित ठरल्यास जागा जाहीर करायची आणि जबाबदार व्यक्ती ठरवायची. जबाबदार सापडत नसेल किंवा पैसे भरू शकत नसेल तर खर्च केंद्र आणि राज्य यांनी उचलायचा. हे नियम आले तेव्हा देशात १०३ दूषित जागा निश्चित झालेल्या होत्या आणि काम सुरू होते फक्त सात ठिकाणी.

नियमांचा हा सांगाडा मला उपयोगी वाटतो. त्यात तारखा आहेत, प्रसिद्धीची सक्ती आहे. पण जबाबदार पक्ष खुद्द राज्य सरकार असेल तेव्हा त्याला ९० दिवसांची आठवण कोण करून देणार? माझी मागणी साधी आहे: जिथे जमीन सरकारी आहे तिथे तपासणी आणि मंजुरी त्या सरकारच्या मंडळाकडे ठेवू नये. राज्याची जागा असेल तर केंद्रीय मंडळ, केंद्राची असेल तर स्वतंत्र तज्ज्ञ समिती, आणि दोन्हीकडे महालेखापरीक्षकांचा वार्षिक तपास.

भोपाळपुरते बोलायचे तर तीन कागद आत्ताच मागता येतात. एक, आवारातल्या दूषित मातीचा नवा, खोलीसह नकाशा. २०१० चा अहवाल आता दीड दशक जुना झाला. दोन, ४२ वस्त्यांमधल्या ठरावीक कूपनलिकांच्या पाण्याची दर तीन महिन्यांची तपासणी, वस्तीच्या नावासह जाहीर, म्हणजे ४३ वी वस्ती बाधित होण्याआधी कळेल. तीन, मातीवर कोणता उपचार करायचा याचा निर्णय, त्याची तारीख आणि त्यासाठीची अर्थसंकल्पातली तरतूद. पहिले दोन कागद तयार करण्यासाठी ना कंपनीची परवानगी लागते ना परदेशी मदत. नीरी आणि विषविज्ञान संस्था दोन्ही सरकारच्याच आहेत, आणि जमीनही.